डोंगराची मर्यादा कोणी ठरवायची?

सातारा जिल्ह्यातील २३५ गावांच्या परिसरात ‘नवीन महाबळेश्वर’ उभे करण्यासाठी राज्य सरकारने २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. २०२४ मध्ये या गावांचा प्रारूप विकास आराखडा पुढे आला आणि नंतर आणखी २९४ गावे प्रकल्पाला जोडण्याचे ठरले. जुन्या महाबळेश्वरावरचा भार हलका व्हावा आणि दुर्गम खोऱ्यांत रोजगार यावा, ही या प्रकल्पामागची भूमिका आहे. हे दोन्ही हेतू खरे आणि महत्त्वाचे आहेत. परंतु या डोंगरावर एका दिवशी, एका हंगामात किती माणसे आणि किती गाड्या याव्यात, हा पर्यटनाच्या कोणत्याही योजनेतला पहिला प्रश्न आहे. तो सुटल्याशिवाय रस्ते, हॉटेले आणि जमिनीच्या वापराचे रंगीत नकाशे पुढे सरकत असतील, तर जुन्या महाबळेश्वरात जे घडले तेच शेजारच्या खोऱ्यांत अधिक वेगाने घडेल, अशी मला गंभीर भीती वाटते.

पर्यटनाला सरसकट विरोध करणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण याच खोऱ्यांच्या इतिहासात आहे. जावळी आणि पाटण तालुक्यांतील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. बाजारपेठांत आणि गोद्यांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांत या भागातली माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. गावकीच्या एका खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने झोपायचे आणि गावाकडे मनीऑर्डर पाठवायची, हेच या डोंगराचे अर्थकारण होते. नाचणी-वरीच्या तुकड्यांवर घर चालत नव्हते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात सुपीक जमीन गेली, वरच्या अंगाची गावे तुटली. तापोळा-बामणोलीच्या पलीकडच्या वाड्यांना दवाखान्यासाठी लाँचची किंवा तराफ्याची वाट पाहावी लागे. राज्यातील घराघरांत पोहोचलेल्या विजेची किंमत ज्यांनी पाण्याखाली गेलेल्या शेतांनी चुकवली, त्यांनी आता रस्ता मागू नये, पूल मागू नये, मुलाला गावातच चार पैसे मिळावेत अशी इच्छा धरू नये, असे शहरात बसून म्हणणे अन्यायाचे आहे. पुस्तकी निसर्गप्रेमाने हा अन्याय अनेकदा केला आहे, आणि त्यामुळेच डोंगरातल्या माणसाला ‘पर्यावरण’ हा शब्द ऐकताच आपल्यावर नवे बंधन येणार असे वाटू लागते.

म्हणून पर्यटन हवे की नको, या वादात मला रस नाही. पर्यटनातून येणारा पैसा कोणाच्या हाती राहतो, त्याचा खर्च कोणावर पडतो आणि ही दोन्ही माणसे एकच आहेत का, हे मात्र नीट तपासायला हवे.

हॉटेलच्या खोलीवर आकारला जाणारा वस्तू व सेवा कर केंद्राच्या आणि राज्याच्या तिजोरीत जमा होतो. खोलीच्या भाड्याचा नफा मालकाकडे जातो, आणि मालक बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचा असतो. आगाऊ नोंदणी करून देणारे संकेतस्थळ आपले कमिशन आधीच कापून घेते. गावात राहतो तो स्वयंपाक्याचा, वाढप्याचा आणि पहारेकऱ्याचा पगार, टॅक्सीवाल्याचे भाडे, घोडेवाल्याच्या फेऱ्या, मक्याचे कणीस, स्ट्रॉबेरी आणि मधाची विक्री. हेही मोलाचे आहे. हजारो घरे त्यावर चालतात. परंतु खर्चाची बाजू जवळजवळ पूर्णपणे तिथल्या नगरपालिकेवर, ग्रामपंचायतीवर आणि घराघरांवर पडते. कचरा तिथेच उरतो, सांडपाणी तिथल्याच ओढ्यात उतरते, वाहनांच्या रांगेत तिथलीच रुग्णवाहिका अडकते, आणि मे महिन्यात पाणी कमी पडते तेव्हा कपात तिथल्याच नळाला लागते. प्रवासी कराचे काही पैसे पालिकेला मिळतात खरे, पण ज्या प्रमाणात भार वाढतो त्या प्रमाणात ते वाढत नाहीत.

महाबळेश्वराचे पाणी हे या विसंगतीचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. वर्षाला साधारण पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान मानल्या जाणाऱ्या ठिकाणी उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते. याचे कारण भूरचनेत आहे. डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचा सच्छिद्र थर आहे आणि त्याच्याखाली काळा कातळ. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते, कातळावर अडते आणि कडेकपारीतल्या झऱ्यांतून वर्षभर हळूहळू बाहेर येते. माथ्यावरचे रान जितके दाट, तितके हे मुरणे अधिक. माथा सपाट करून तिथे काँक्रीट ओतले, वाहनतळ केले, प्रत्येक बंगल्याने आपली विंधनविहीर खोदली, की पावसाळ्यातले पाणी धावत दरीत जाते आणि खालच्या वाडीचा झरा फेब्रुवारीतच आटतो. त्या वाडीला पर्यटनातून कदाचित एक रुपयाही मिळालेला नसतो. गावाला पाणी देणारा वेण्णा तलाव आणि बोटिंगचा, घोड्यांच्या फेऱ्यांचा, गर्दीचा वेण्णा तलाव हे एकच तळे आहे, हेही ध्यानात ठेवायला हवे.

केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. त्याला आता दोन तपे उलटून गेली. या अधिसूचनेने बरीच झाडे आणि बरेच उतार वाचवले, हे मान्य करावेच लागेल. ती नसती तर आज महाबळेश्वरात आकाशरेषेवर इमारतीच दिसल्या असत्या. पण तिचा भर बांधकामावर होता, माणसांच्या आणि गाड्यांच्या संख्येवर नव्हता. परवानग्या लांबचे अधिकारी देणार आणि नियम मोडले तर समिती येऊन पाहणार, अशा व्यवस्थेत दोन गोष्टी होतात. ज्याच्याकडे वकील आणि पैसा आहे तो वाट काढतो, आणि घराची एक खोली वाढवू पाहणारा स्थानिक शेतकरी वर्षानुवर्षे हेलपाटे घालतो. पर्यावरणाच्या कायद्याबद्दल डोंगरात जो राग साचला आहे, त्याचे मूळ या दुसऱ्या अनुभवात आहे.

पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये दिलेल्या अहवालातही ही गोष्ट मध्यवर्ती होती. कुठे काय करायचे, काय नको, हे ग्रामसभांशी बोलून, खालून वर ठरवावे, असा त्या अहवालाचा आग्रह होता. तो बाजूला पडला. त्याच विषयावर कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाचा २०१३ चा अहवाल आला, आणि पुढे २०१४ पासून संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिल्या; ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. तो निघाला त्याच्या आदल्या दिवशी केरळातल्या वायनाडमधली मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गाडली गेली होती.

महाराष्ट्रालाही अशी आठवण हवी तर ती फार दूरची नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गेली, आणि डोंगराच्या पलीकडच्या उतारावर महाड तालुक्यातील तळिये गावात ऐंशीहून अधिक जीव गेले. या दरडी पर्यटनामुळे कोसळल्या, असे मी म्हणत नाही; त्या गावांत रिसॉर्ट नव्हते. मुद्दा असा की हे उतार आधीच इतके नाजूक आहेत की त्यांच्यावर रस्त्यासाठी कडा तासताना, सपाटीकरण करताना आणि दृश्य चांगले दिसावे म्हणून धारेवर इमारत बांधताना चुकीला जागा उरत नाही. आणि पाटण तालुक्याच्या याच डोंगररांगा नव्या प्रकल्पाच्या नियोजनात आहेत.

संख्येची मर्यादा घालणे आपल्याकडे शक्य नाही, असे वारंवार सांगितले जाते. ते कासच्या पठाराने खोटे ठरवले आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाली, त्यांत कास होते. त्यानंतर फुलांच्या हंगामात, विशेषतः सप्टेंबरच्या सुट्टीच्या दिवशी, पठारावर इतकी गर्दी होऊ लागली की गेंद, सीतेची आसवे आणि तेरड्याच्या गालिच्यांत पायवाटा पडल्या. जांभ्यावरचा मातीचा थर तिथे काही ठिकाणी बोटभरच आहे. एकदा तुडवला की पुढच्या वर्षी तिथे दगड दिसतो. अखेर दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क अशी व्यवस्था आली. ती राबवण्याची जबाबदारी वन विभागाबरोबर आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांकडे आहे. शुल्काच्या पैशातून गावातली मुले-मुली हंगामात मार्गदर्शक, पहारेकरी, सफाई कामगार म्हणून काम करतात. ज्यांना पैसा मिळतो आणि ज्यांना पठार राखायचे आहे ती माणसे इथे बऱ्याच अंशी एकच आहेत, म्हणून ही व्यवस्था टिकली.

कासचा अनुभव सगळाच गोड नाही, आणि त्याचा कडू भाग मला अधिक शिकवणारा वाटतो. पठार वाचवण्यासाठी जाळीचे कुंपण घालण्यात आले आणि गुरांची चराई बंद झाली. काही वर्षांत लक्षात येऊ लागले की गवत माजते आहे आणि फुले कमी दिसत आहेत. गावकरी हे आधीपासून सांगत होते. शतकानुशतके गुरे फिरत आली आहेत, त्यांच्या चरण्याने उंच गवत आटोक्यात राहते आणि बुटक्या फुलझाडांना ऊन मिळते, हे त्यांचे म्हणणे होते. वाद झाले आणि शेवटी कुंपण काढले गेले. फुलांच्या घटण्याला चराई किती जबाबदार आणि पाऊसमान किती, याचा काटेकोर हिशेब वनस्पतिशास्त्रज्ञांनी करावा. पण पठारावरचे निर्णय घेताना त्या पठारावर जगणाऱ्यांचे ज्ञान बाजूला ठेवले की संरक्षणाच्या नावाखालीही नुकसान होते, हे इथे दिसले. शिवाय पठाराच्या तीन हजारांच्या मर्यादेबाहेर, साताऱ्याहून वर येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी हॉटेले आणि फार्महाउस वाढतच राहिली. फाटकावर मर्यादा आणि रस्त्यावर मोकळीक, अशी अर्धी व्यवस्था फार काळ पुरत नाही.

मर्यादा एखाद्या पठारापुरती नसून संपूर्ण गिरिस्थानाला लावता येते का, याचे उत्तर तमिळनाडूत शोधले जात आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून निलगिरी आणि कोडाईकनाल इथे जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पास घ्यावा लागतो. सुरुवातीला पासांवर मर्यादा नव्हती. आधी नुसती मोजणी झाली. त्या आकड्यांनंतर न्यायालयाने एप्रिल २०२५ पासून हंगामासाठी निलगिरीत दिवसाला सहा हजार, सुट्टीच्या दिवशी आठ हजार, आणि कोडाईकनालला अनुक्रमे चार व सहा हजार वाहनांची मर्यादा घातली. स्थानिकांच्या आणि शेतमालाच्या वाहनांना व सार्वजनिक बसगाड्यांना यातून वगळले आहे. तिथल्या व्यापाऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांची चिंता समजण्यासारखी आहे. दोन महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्याला प्रत्येक परत गेलेली गाडी दिसते. तरीही महाबळेश्वरासाठी एवढे पहिले पाऊल, म्हणजे रोज किती गाड्या येतात याची प्रामाणिक, सर्वांना दिसेल अशी मोजणी, उद्यापासून करता येईल. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागू नये.

आपल्याच राज्यात माथेरानने तर मोटारीविना एक गिरिस्थान चालवून दाखवले आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा १९०७ पासून नेरळहून येणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीने जायचे. २००३ च्या अधिसूचनेने या बंदीला पर्यावरणीय आधार दिला, आणि पर्यटन आराखडा धारणक्षमतेच्या, म्हणजे डोंगर किती भार पेलू शकतो याच्या, अभ्यासावर आधारलेला असावा अशी अटही घातली. लोक माथेरानला येतात ते बऱ्याच अंशी या शांततेसाठीच. तिथे मर्यादेने धंदा बुडाला नाही, मर्यादाच तिथली ओळख बनली. पण तिथेही सामाजिक खर्च कोणी तरी भरत होते. माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा तिथे कालपरवापर्यंत चालू होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत ती बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. शुद्ध हवेचे एक गाव टिकावे म्हणून काही कुटुंबांनी इतकी वर्षे छातीच्या जोरावर चढण चढावी, ही किंमत आपण फार सहज स्वीकारली होती. निसर्गाची मर्यादा पाळताना तिचा बोजा सर्वांत गरिबाच्या अंगावर पडत नाही ना, हे प्रत्येक वेळी विचारलेच पाहिजे. घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्नही त्याच न्यायाने सोडवावा लागेल.

मर्यादा आली की डोंगर श्रीमंतांसाठीच उरेल, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. किंमत वाढवून गर्दी कमी केली तर तसे नक्कीच होईल. एसटीने येऊन दिवसभर हिंडून, डबा खाऊन परतणाऱ्या कुटुंबाचा महाबळेश्वरावर तितकाच हक्क आहे. म्हणून मर्यादा दराने न घालता संख्येने घालावी, आणि ती माणसांपेक्षा खासगी मोटारींवर आधी घालावी. वाई आणि साताऱ्यात, घाटाच्या पायथ्याशी वाहनतळ करून तिथून वारंवार एसटी सोडल्या, तर एका बसमागे पंधरा-वीस मोटारी घाटात चढणार नाहीत. गर्दीचा भार पाण्यावर आणि रस्त्यावर सर्वांत जास्त कोण टाकतो, हे पाहिले तर तो साधा प्रवासी नाही. तरणतलावाचे हॉटेल आणि एकेका जोडप्याची एकेक गाडी हा भार टाकतात.

नव्या महाबळेश्वराबद्दल माझा सर्वांत मोठा आक्षेप अधिकाराच्या जागेवर आहे. नगररचना अधिनियमाखाली विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले की नियोजनाचे अधिकार त्या प्राधिकरणाकडे जातात. इथे प्राधिकरण म्हणून नेमलेल्या रस्ते विकास महामंडळाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग बांधले. रस्ते बांधण्यातले त्याचे कौशल्य निर्विवाद आहे. पण एका खोऱ्यातल्या झऱ्यांना किती खोल्या पेलतील, हे रस्ते बांधणाऱ्या संस्थेचे काम नव्हे. दुसरीकडे आराखडा मंजूर होण्याआधीच जमिनी हातोहात जात आहेत. कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावातली जमीनखरेदी २०२४ मध्ये राज्यभर गाजली. धरणात, अभयारण्यात, व्याघ्रप्रकल्पात सरकार आज ना उद्या जमीन घेणारच, अशी धास्ती बाळगणाऱ्या माणसाकडून मिळेल त्या भावात दस्त करून घेणे सोपे असते. सातबारा एकदा परक्याच्या नावावर गेला की उद्याच्या रिसॉर्टमध्ये त्या घरातल्या मुलासाठी पहारेकऱ्याची जागा उरते.

यावर मला पुढील व्यवस्था न्याय्य वाटते. प्रत्येक खोऱ्याच्या पाण्याचा आणि उतारांचा अभ्यास आधी प्रसिद्ध व्हावा, मराठीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवता येईल अशा भाषेत. त्यावरून खोल्यांची, वाहनांची आणि विंधनविहिरींची संख्या ठरावी, आणि तिला ग्रामसभांची लेखी संमती असल्याशिवाय आराखडा मंजूर होऊ नये. दवाखान्याचा आणि शाळेचा रस्ता, पूल, लाँच यांना या अटीची गरज नाही. ते त्या माणसांचे थकलेले देणे आहे आणि ते पर्यटनाच्या आराखड्याला जोडून अडवणे चुकीचे ठरेल. ठरलेल्या खोल्यांपैकी मोठा वाटा गावातल्या घरांत चालणाऱ्या न्याहारी-निवासासाठी राखून ठेवावा. बाहेरच्या गुंतवणूकदाराला जमीन भाडेपट्ट्याने मिळावी, मालकी शेतकऱ्याकडे राहावी. ग्रामपंचायतींना यात्रेकरूंवर कर बसवण्याची तरतूद राज्याच्या अधिनियमात जुनीच आहे. तिचा धागा पकडून पर्यटनकराचा ठरावीक हिस्सा थेट गावाच्या आणि त्या झऱ्याखालच्या वाडीच्या खात्यावर जावा, आणि दर वर्षी त्याचा हिशेब ग्रामसभेत मांडला जावा.

ग्रामसभा नेहमी शहाणाच निर्णय घेईल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. गावातही सावकार असतात, जमिनीचे एजंट असतात, पैशाच्या आमिषाने फुटलेली घरे असतात. एखादी ग्रामसभा अभ्यासाने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा अधिक मागेल. तिथे अभ्यासाची वरची रेघ कायद्याने पक्की हवी, गावाला ती खाली आणता यावी पण वर नेता येऊ नये. चूक करण्याचा अधिकार मात्र त्या रेघेच्या आत गावाकडेच असावा, कारण चुकीचे परिणाम भोगणारे तेच आहेत आणि ती दुरुस्त करण्याची निकडही त्यांनाच सर्वांत आधी जाणवते. कासच्या कुंपणाबाबत तसेच झाले. २३५ गावांच्या आराखड्याला अंतिम मंजुरी देण्याआधी सरकारने प्रत्येक गावात ही संख्या मांडावी, आणि ज्या गावाचा झऱ्यांचा अभ्यास झालेला नाही, तिथली बिगरशेती परवानगी तोवर थांबवावी.